गोठ्यांतील जीप

गेल्या तीन वर्षांत आमच्या पवनीच्या घरीं जो जो पाहुणा आला, त्यानें हातपाय धुण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारला: "काय, झाली कां सुरू?" प्रारंभीं आम्ही मोठ्या उत्साहानें सविस्तर उत्तर देत असूं. पुढें "व्हावयाची आहे" एवढेंच सांगूं लागलों. हल्लीं आमचें कुटुंबच "आधीं चहा घ्या" म्हणून विषय बदलतें, आणि पाहुणा शहाणा असेल तर गोठ्याच्या बाजूस पाहत नाहीं.

गोठा आतां नांवापुरताच. गाई जाऊन पंधरा वर्षें लोटलीं. तेथें सध्यां आमच्या कैलासवासी धाकट्या बंधूंची जीप विटांवर उभी आहे. बॉनेट काढून भिंतीस टेकविलेलें, पुढचीं चाकें कोपऱ्यांत, आणि जेथें पूर्वीं वैरणीचे भारे ठेवीत तेथल्या तुळईस चेनकप्पी टांगलेली. जीप १९७१ सालची. बंधूंनीं ती १९९३ सालीं सरकारी लिलावांत घेतली. घेतली ती शेतावर जाण्यासाठीं. परंतु पुढें सबंध आळीच्या बाळंतिणी, वऱ्हाडें आणि धानाचीं पोतीं तिनेंच वाहिलीं. २०१९ सालीं बंधू वारले. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत कोणी तिच्याकडे लक्ष दिलें नाहीं. कार्बुरेटरच्या वाटेनें इंजिनांत पाणी उतरलें, पिस्टन सिलिंडरास चिकटून बसले आणि इंजिन कायमचें जाम झालें.

भावजयीचें म्हणणें असें कीं, गाडी भंगारांत द्यावी आणि त्या पैशांत माडीचे कवेलू परतून घ्यावे. तें म्हणणें वावगें नव्हतें. परंतु त्यांच्या चिरंजीवानें, म्हणजे आमच्या पुतण्यानें, २०२२ च्या दिवाळीनंतर एके दिवशीं गोठा झाडून काढला आणि "काका, मी इंजिन बदलतों" म्हणून सांगितलें. येत्या अक्षय्यतृतीयेस गाडी रस्त्यावर येईल असेंहि तो म्हणाला. ती अक्षय्यतृतीया गेली; तिच्या मागून आणखी दोन गेल्या.

या पुतण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तो आमच्याच वर्गांत शिकला. संस्कृताचीं रूपें त्याच्या जिभेवर कधीं बसलीं नाहींत, आणि दहावींत तो पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाला तेव्हां त्याच्या वडिलांच्या देखत आम्ही म्हटलें होतें कीं, याच्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं. बंधू त्यावर कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं जीप धुतांना त्यांनीं मुलास हाताशीं घेतलें, इतकेंच आम्हांस आठवतें.

असो. या जीपचें कूळ मोठें आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीनें पुढें मुंबईस माझगांव येथें अमेरिकेंतील विलिस कंपनीच्या जीपा जोडावयास आरंभ केला. आमच्या गाडीचें पेट्रोल इंजिन त्याच घराण्यांतलें. 'हरिकेन' हें त्याचें नांव, सुमारें २.२ लिटरांचें. त्याची एक मौज अशी कीं, हवा आंत घेणाऱ्या झडपा माथ्यावर असून धूर बाहेर टाकणाऱ्या खालीं ठोकळ्यांत, सिलिंडराच्या बाजूस असतात. एकाच यंत्रांत दोन पद्धती नांदतात, एकत्र कुटुंबांत नांदाव्या तशा. आणि वाद झाला कीं कोणत्या बाजूची चूक हें शोधण्यांत दोन दिवस जातात.

पुतण्याच्या मनांत प्रथम डिझेल इंजिन बसवावें असें होतें. त्याचा हिशेब सरळ होता: जुनें इंजिन एका लिटरांत सात-आठ किलोमीटर जातें, आणि तेलाचे भाव सर्वांस ठाऊक आहेत. आम्ही अडून बसलों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आम्ही त्यास वाचून दाखविलें. गाडीच्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकानें मनास येईल तसा करावयाचा नाहीं, असा त्याचा आशय आहे. आम्हांस या प्रसंगीं व्याकरणाची आठवण झाली. पाणिनीच्या शास्त्रांत एका वर्णाच्या जागीं दुसरा येतो त्यास आदेश म्हणतात, आणि ज्याची जागा तो घेतो तो स्थानी. अनेक आदेश संभवत असतां स्थानीस सर्वांत जवळचा जो असेल तोच घ्यावा, असा तेथें दंडक आहे. हरिकेनच्या जागीं हरिकेनच यावें, हें आम्ही या आधारें सिद्ध केलें. पुतण्या ऐकून हंसला आणि म्हणाला, "काका, हें तुम्ही तेव्हां असें शिकवलें असतें तर." शेवटीं नागपुरास त्याच जातीचें, कागदपत्र शाबूत असलेलें एक इंजिन मिळालें. अर्ज आधीं केला आणि हातोडी मागाहून उचलली.

गिअरबॉक्साच्या बाबतींत मात्र त्यानें आपलें खरें केलें. जुना तीन गतींचा. त्याच्या पहिल्या गतीस दांते जुळवून घेणारी योजना नाहीं, म्हणून चालत्या गाडींत पहिली टाकूं गेल्यास करकर आवाज सगळ्या बाजारास ऐकूं जाई. त्याऐवजीं मागाहूनच्या जीपेंतला चार गतींचा आणावयाचें ठरलें. आमच्या जिल्ह्यांत या यंत्राचें कोणास नवल नाहीं. नागपूर-रायपूर महामार्गावर गडेगांव येथें अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून गिअरबॉक्सच घडवितो, आणि तेथें नोकरी केलेला माणूस दर दोन-चार गांवांत सांपडतो. अशा एका सद्‌गृहस्थानें फुकट दिलेला सल्ला हा होता: "मास्तर, घाई नका करूं. बसायचा असेल तर तो हातानें बसतो."

त्याचा अर्थ असा. इंजिनाच्या कण्याच्या टोंकांत एक लहान बुश असतो. गिअरबॉक्सांतून पुढें आलेल्या शाफ्टाचें निमुळतें नाक क्लच-प्लेटच्या दांत्यांतून पार होऊन त्या बुशांत शिरतें. बुश, प्लेट आणि शाफ्ट हीं तिन्ही एका रेषेंत असतील तर दीड मणाचा गिअरबॉक्स दोन माणसांच्या हातांनीं पुढें सरकतो. नसतील तर तो बोटभर अंतरावर अडून राहतो. अशा वेळीं बोल्ट आवळून त्यास ओढून घेणें हें महत्पाप होय.

इंजिन एका जातीचें आणि गिअरबॉक्स दुसऱ्या, म्हणून मधें जाड पट्टी आणि नवा बुश करवून घेणें भाग होतें. भंडारा हें पितळेच्या भांड्यांचें गांव. तांब्या-पितळेचें काम जाणणारे हात तेथें अद्याप आहेत. तेथल्या एका लेथवाल्याकडे गनमेटलचा बुश सांगितला. माप घेण्याचें काम आम्ही मागून घेतलें. शाफ्टाचें नाक १५.९ मिलिमीटर भरलें; तें आम्ही आमच्या सुवाच्य अक्षरांत कागदावर लिहून दिलें. आमच्या अक्षराचा आम्हांस अभिमान आहे.

बुश आला तेव्हां पुतण्या क्लच-प्लेट आणावयास नागपुरास गेला होता. दोन दिवसांचा वेळ वांचेल, म्हणून आम्हींच लाकडी ठोकळा ठेवून बुश कण्यांत ठोकून बसविला. परतल्यावर त्यानें विचारलें, "काका, आधीं शाफ्टावर घालून पाहिला होता ना?"

आम्ही "हो" म्हटलें.

तो शब्द तोंडांतून कसा गेला हें आम्हांस सांगतां येत नाहीं. एकतीस वर्षें मुलांना खोटें बोलूं नका म्हणून सांगितलें. कित्येकांच्या हातांवर त्यासाठीं छडीहि मारली, याच्याहि मारली. त्यानें आमच्या शब्दावर फ्लायव्हील चढविलें, क्लच बांधला आणि २०२४ च्या मे महिन्यांत, ऐन उन्हांत, गिअरबॉक्स पुढें सरकविला. तो बोटभर अंतरावर अडला. पुतण्या म्हणाला, खालीं उतरवून पाहूं. आम्ही म्हणालों, आवळ, बसेल. तो थांबला. तेव्हां काकापणाच्या अधिकारानें आम्हीं पाना स्वतःच्या हातांत घेतला. तिसऱ्या फेऱ्यास 'कट्‌' असा आवाज झाला आणि गिअरबॉक्साचा बिडाचा एक कान तुटून आमच्या पायाशीं पडला.

पुतण्यानें कान उचलला, फडक्यांत गुंडाळला आणि म्हणाला, "काका, हात धुवा. चहा घेऊं."

रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही त्यास खरें काय तें सांगितलें. भावजयीच्या देखत सांगितलें. त्यानें दुसऱ्या दिवशीं बुशांत ग्रीस ठांसून भरलें, बरोबर मापाची सळई आंत घालून वरून हातोडीचे घाव घातले. ग्रीसला जावयास वाट नसल्यानें तें मागून दाबूं लागलें, आणि बुश आपण होऊन बाहेर सरकत आला. इतकी साधी आणि सुंदर युक्ति आम्हीं पाहिली नव्हती. आंतील माप भरलें १५.१. कागद मागवून पाहिला. आमच्या सुवाच्य ९ ची शेपटी इतकी डौलदार होती कीं लेथवाल्यानें तो १ वाचला होता, आणि त्याचा त्यांत यत्किंचित् दोष नव्हता.

बीड जोडणें सोपें नाहीं. भाग हळूहळू सारखा तापवावा, निकेलच्या कांडीनें थोडें थोडें जोडावें, आणि निवूं द्यावा तो त्याहून हळू. वारा लागला तर शेजारीं नवी चीर जाते. जोडलेला कान आमच्या गोठ्यांत धानाच्या तुसाच्या राखेंत दीड दिवस पुरून ठेवला होता. त्याची राखण आम्हीं केली. खर्च आम्हीं दिला, हें वेगळें सांगावयास नको. कवेलू आणखी एक पावसाळा राहिले.

सध्यां गिअरबॉक्स हातानें बसला आहे. परंतु तो जुन्याहून लांब, म्हणून त्याच्या मागची पेटी मागें सरकली. त्यामुळें पुढचा प्रोपेलर शाफ्ट आंखूड पडला आणि मागचा लांब झाला. मागचा कापावयाचा, तर त्याच्या दोन्ही टोंकांचे क्रॉस एकाच पातळींत यावे लागतात. नाहीं तर एका टोंकाचा हिसका दुसरें टोंक फेडीत नाहीं आणि गाडी थरथरते. इकडे नोंदणीची मुदत २०२६ च्या मार्चअखेर संपते, आणि नूतनीकरणास गाडी आपल्या पायांनीं चालत भंडाऱ्यास गेली पाहिजे. न गेल्यास भावजयीनें भंगारवाल्यास बोलावण्याचें सांगून ठेविलें आहे, आणि पुतण्यानें तें मान्य केलें आहे.

गेल्या रविवारीं मागच्या शाफ्टाचें माप घ्यावयाचें होतें. त्यानें टेप आमच्याच हातीं दिली. आम्ही माप घेतलें, कागदावर लिहिलें. त्यानें तें मोठ्यानें वाचून पाहिलें, कागद परत आमच्यापुढें धरला, आणि खालीं तीच संख्या अक्षरांत लिहावयास सांगितली.