सोमवारची बॅटरी

सोमवारी सकाळी सेल्फचं बटण दाबलं, तर नुसतं टक-टक. जुलै महिन्यातला तो सलग तिसरा सोमवार. मी पारगाव-खंडाळ्यात, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी राहतो आणि कामाला शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत जातो. भर पावसात किक मारून मारून पाय भरून आला. गाडी मंगळवार ते शनिवार नीट चालते, मग सोमवारीच का अडते, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

बॅटरी उतरते म्हणजे ती खराब झाली, एवढीच माझी समज. जुनी देऊन नवी आणली. तिच्यावर ‘१२ व्होल्ट, ५ अँपिअर-अवर’ लिहिलेलं. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर-अवर म्हणजे टाकीत मावणारी वीज, असा अर्थ मी लावून घेतला. पुढच्या सोमवारी नवी बॅटरीही टक-टक करू लागली.

मग संशय हेडलाइटवर गेला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तोच वीज खात असणार. गॅरेजमधल्या मिस्त्रींना तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘अहो, इंजिन बंद झालं की दिवाही बंद. उभ्या गाडीत तो काय खाणार? आधी मोजा, मग बोला.’’ त्यांनी मल्टिमीटर हातात दिला. त्याची लाल वायर कुठं लावायची, तेही मला विचारावं लागलं.

उभ्या गाडीत आकडा आला ११.९. मिस्त्री म्हणाले, भरलेली बॅटरी १२.६च्या पुढं दिसते. बाराच्या खाली म्हणजे ती बरीच रिकामी. मग किक मारून गाडी सुरू केली, रेस दिली. १४.२! इंजिनाजवळची कॉइल वीज तयार करते, आणि आरआर युनिट त्या उलटसुलट विजेला एका दिशेला वळवून तिचा दाब आवरतं. दोन्ही ठीक होती. म्हणजे टाकी भरत होती, पण कुठूनतरी गळत होती. या गळतीला इंग्रजीत ‘पॅरासिटिक ड्रेन’ म्हणतात. मी तिला बांडगुळी गळती म्हणू लागलो.

गळती मोजायला बॅटरीची काळी, म्हणजे ऋण बाजूची वायर सोडून मधे मीटर जोडायचा. मी आधी लाल वायर सोडायला गेलो, पाना चेसिसला टेकला आणि ठिणगी उडाली. काळी आधी का सोडायची, ते त्या ठिणगीनं शिकवलं. मीटर जोडल्यावर ‘किल्ली फिरवू नका’ असं मिस्त्रींनी बजावलं होतं. सवयीनं माझा हात किल्लीकडं गेलाच. मीटरचा फ्यूज उडाला. तो भरून दिला.

दुसऱ्यांदा मीटर मोठ्या, दहा अँपिअरच्या खाचेत लावला. किल्ली बंद, तरी आकडा ०.१०. मिस्त्री म्हणाले, आता जोडलेली एकेक वस्तू सोडवत चला. हॉर्न सोडला, फरक नाही. मग हँडलवरच्या मोबाइल चार्जरचा छोटा फ्यूज ओढला, आणि आकडा शून्यावर आला. तो चार्जर जूनमध्ये मीच बसवला होता. सोपं पडतं म्हणून वायर किल्लीमागून न घेता थेट बॅटरीला जोडली होती. उघडला, तर आत पावसाचं पाणी आणि तांब्यावर हिरवा थर.

कागदावर हिशेब मांडला. शनिवार संध्याकाळी सात ते सोमवार सकाळी सात, छत्तीस तास. तासाला ०.१, म्हणजे ३.६ अँपिअर-अवर गेले. पाचातले १.४ उरणार, त्यात सेल्फ कसा फिरावा? एरवी रोजच्या प्रवासात थोडंफार भरून निघायचं. सोमवारचं उत्तर रविवारच्या सुट्टीत होतं.

चार्जर बदलला, वायर किल्लीमागून घेतली. सारखी रिकामी राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो, म्हणून बॅटरी रात्रभर सावकाश चार्ज केली. पुढच्या सोमवारी बटण दाबण्याआधी मीटर लावला. १२.६. गाडी पहिल्याच दाबात सुरू झाली.

जुनी बॅटरी मात्र मी न मोजताच देऊन टाकली होती. ती खरंच बिघडली होती का, हे आता मला कधीच कळणार नाही.