बेशरमचं कुंपण

आमच्या तुमसरला आलात की धानाची शेतं आणि तांदळाच्या गिरण्या तुम्हाला दिसतीलच. पण खेड्यांच्या वाटेला लागा आणि नाल्याकाठी, बोडीच्या पाळीवर जरा नीट बघा. पुरुषभर उंच झुडपं, त्यांवर फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं. ओळखलंत? ही बेशरम!

हिचं माहेर दूर दक्षिण अमेरिकेत, बरं का! फूल देखणं, म्हणून ती बागेत आली. विषारी असल्यानं गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून लोकांनी ती कुंपणाला लावली. पण तोडून फेकलेला तुकडाही चिखलात पडला की मूळ धरतो. नाव काही उगीच पडलं नाही!

आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. मालगुजारांच्या काळातले हे 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव. बेशरम त्यांत शिरली की गाळ अडतो, पाण्यातल्या देशी वनस्पतींना जागा उरत नाही. मासे याच वनस्पतींत अंडी घालतात, इथंच चरतात. मग ढिवरांच्या जाळ्यात काय येणार?

असे पाहुणे आणखीही आहेत. घाणेरी, म्हणजे आपली राईमुनिया, इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली. आता ती जंगलभर आहे. जलपर्णीही तिच्या सुंदर फुलांमुळेच आणली गेली. गाजरगवताला मात्र कोणी बोलावलं नव्हतं. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं. परदेशी धान्यातून त्याचं बी आलं, असं मानतात. त्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दमही लागतो. म्हणून उघड्या हातानं उपटू नका हं!

मग यावर उपाय नाही का? आहे तर! शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव भागात, ढिवर समाजातल्या बायाबापड्यांनी तलावात उतरून बेशरम मुळासकट काढली. नुसती काढून थांबल्या नाहीत, तर मोकळ्या जागी देशी पाणवनस्पती लावल्या. हळूहळू मासे परतले, पाखरंही आली.

तुमच्या गावात तलाव असेल, तर आजी-आजोबांना विचारा, "पूर्वी यात काय काय उगवायचं? कोणते मासे मिळायचे?" ती नावं वहीत लिहून ठेवा. आणि कोणी बेशरम तोडताना दिसलं, तर तेवढं सांगा, "काका, तुकडे पाण्यात टाकू नका, कोरड्या जागी वाळू द्या!"