धावून जाणाऱ्याची नोकरी

निपाणी म्हटलं की आपल्या गोव्यातल्या लोकांना तंबाखू आठवते. माझी ती सासुरवाडी, त्यामुळे मला तवंदी घाट आठवतो. आंबोली चढून आजऱ्यावरून आम्ही निपाणीला उतरतो आणि तिथून बेळगावला जायचं झालं की पुणे-बंगळूर हमरस्त्यावर हा घाट लागतोच. मालट्रक उलटल्याची बातमी इथे कुणाला नवी नाही. त्यातून पावसाळा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आलं आणि हा अख्खा हमरस्ताच बंद पडला होता. अशा वेळी सगळे घरात बसतात आणि काही माणसं मात्र घराबाहेर पडतात. पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, होमगार्ड, रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर.

माझ्या बायकोचा एक मामेभाऊ त्यांतलाच. नऊ वर्षं एका खाजगी कंत्राटदाराच्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर होता. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात, रात्री, उलटलेल्या जीपमधून माणूस बाहेर काढताना मागून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. पायात सळई बसली, गुडघा वाकायचा थांबला. दवाखान्याचं पहिलं बिल मालकाने भरलं, तीन महिने अर्धा पगारही दिला. पुढे गाडीवर दुसरा माणूस आला. "काडलं आसं कुणी म्हणलं न्हाई दाजी, फकस्त बोलवायचं बंद केलं," असं तो सांगतो.

मी सरकारी कारकून, म्हणून माझ्याकडे सल्ला मागायला आला. "तुमी हापिसात असता. आमाला काय कायदा हाय का न्हाई?"

कायदा आहे. चांगला आहे. पंचाईत तिथूनच सुरू होते.

अपंग व्यक्तींसाठी १९९५ साली केंद्राचा जो कायदा झाला, त्याचं कलम ४७ मला पाठ आहे (आमच्या कचेरीत एका प्रकरणाची फाईल माझ्याच टेबलावर होती). नोकरीत असताना कर्मचाऱ्याला अपंगत्व आलं तर त्याला काढता येणार नाही, त्याचा दर्जा कमी करता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर जादा पद निर्माण करून, पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याला सांभाळायचं. यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की इजा कामावरच झाली पाहिजे अशीही अट नाही.

पण नुसतं छापून काही होत नाही. कुणाल सिंग नावाचा एसएसबीचा शिपाई ड्युटीवर जखमी झाला, पाय कापावा लागला आणि त्याला घरी पाठवण्यात आलं. हायकोर्टात तो हरला. शेवटी २००३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की इनव्हॅलिड पेन्शन दिली म्हणून कलम ४७ चा हक्क संपत नाही, आणि अशा माणसाला संरक्षण नसेल तर त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं घर भोगतं. आम्हा कारकुनांना हे निकालपत्र एकदा वाचायला लावायला हवं.

२०१६ च्या नव्या कायद्यात हीच तरतूद कलम २० मध्ये आली. मात्र त्याच कलमात सूट देण्याचीही सोय आहे आणि १८ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतली लढाऊ पदं या कलमातून वगळली गेली. त्यात एसएसबीही आली. ज्या दलातल्या शिपायामुळे देशभरच्या कर्मचाऱ्यांना हा निकाल मिळाला, त्याच दलातल्या आजच्या शिपायाला तो आधार राहिलेला नाही.

आता आमच्या मेहुण्याकडे येऊ. कलम २० मधला शब्द आहे 'सरकारी आस्थापना'. माझा पाय उद्या मोडला तर मला दवाखान्यात असेपर्यंत पूर्ण पगार, नंतर सहा महिने पूर्ण आणि पुढे बारा महिने अर्धा, अशी कामावरच्या इजेची रजा केंद्राच्या रजा नियमांत आहे. आणि मी काय करतो? जावक क्रमांक टाकतो. माझा पाय मोडलाच तर जिन्यावरून पडून मोडेल. जो रात्री घाटात उतरतो, तो कंत्राटदाराचा माणूस, म्हणून त्या शब्दाच्या बाहेर.

हे निपाणीपुरतं नाही. १०८ ची सेवा आपल्याकडे आणि कर्नाटकात २००८ मध्ये आली, महाराष्ट्रात २०१४ मध्ये. तिन्हीकडे ती खाजगी संस्थेशी करार करून चालवायला दिली गेली. होमगार्डची गोष्ट आणखी वेगळी, तो कागदोपत्री 'स्वयंसेवक'. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये त्याचा दैनिक भत्ता पोलीस शिपायाच्या किमान पगाराच्या हिशेबाने असावा असं म्हटलं, पण नोकरीत कायम करायला नकार दिला.

सीमाभागात तर हे जास्तच खुपतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली आरोग्य विमा योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली, त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला. दोन सरकारं या लोकांवर हक्क सांगतात. मेहुण्याचं नाव मात्र दोघांच्याही पगारपत्रकावर नाही.

त्याला नुकसानभरपाई मागता येते. १९२३ पासूनचा तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. पगार, वय आणि कमाईची ताकद किती टक्के गेली याचा गुणाकार करून रक्कम ठरते. रक्कम एकदाच मिळते, नोकरी नाही. खरं तर गुडघा न वाकणाऱ्या माणसाला फोन घ्यायला बसवता येतं. तवंदीच्या कुठल्या वळणावर गाडी उलटली हे त्याच्याइतकं पटकन कुणाला कळणार? मला विचाराल तर निविदेच्या अटींतच हे लिहावं: कामावर जखमी झालेल्याला त्याच पगारावर दुसरं काम, आणि कंत्राट बदललं तरी नव्या कंत्राटदारावर तेच बंधन. निविदेत टायर किती किलोमीटरला बदलायचे हेसुद्धा लिहिता येतं, मग एवढं एक कलम जड होऊ नये.

सध्या आम्ही दोघांनी अर्जाची फाईल बांधायला घेतली आहे. दवाखान्याचे कागद कानडीत, काही इंग्रजीत, अर्ज मी मराठीत लिहिला तो कानडीत करून घ्यायचा आहे. नेमणुकीचं पत्र त्याला कधी मिळालंच नव्हतं. पासबुकात पगाराच्या नोंदी आहेत, पण नऊ वर्षांत तीन वेगवेगळ्या नावांनी पगार जमा झाला आहे. गाडी तीच होती, म्हणतो.