कल्याणचे बिशप आणि सुरियानी

यावलमध्ये राहून इतिहास शिकवणारा माणूस सुरियानी कशाला वाचतो, असं विचारणाऱ्यांना मी आधी पंचतंत्राची गोष्ट सांगतो. करटक-दमनक आपल्या पोरांना ठाऊक असतात. सहाव्या शतकात इराणच्या दरबारातल्या बुर्झोय वैद्यानं ते पुस्तक पहलवीत नेलं. ते भाषांतर हरवलं. त्यावरून ५७०च्या सुमारास बूद नावाच्या धर्मगुरूनं केलेलं सुरियानी भाषांतर मात्र टिकलं आणि भारताबाहेर उरलेलं पंचतंत्राचं सर्वांत जुनं रूप तेच. पुढे ६६२ मध्ये फुरात नदीकाठच्या केन्नेश्रे मठातल्या सेव्हेरस सेबोख्त या बिशपनं भारतीयांच्या नऊ अंकचिन्हांची वाखाणणी केली, तीही सुरियानीतच. शहाणपण काही एकट्या ग्रीकांचं नाही, हे त्याला ठणकावून सांगायचं होतं.

सुरियानी ही अरामीची बोली. येशूची भाषा अरामी. वधस्तंभावरचा त्याचा आक्रोश मराठी बायबलातही अरामी शब्दांतच छापलेला आहे. एडेसा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा, इथल्या बोलीत 'पेशित्ता' हे बायबल तयार झालं. ३७३ मध्ये वारलेल्या संत एफ्रेमनं धर्मविचार पदांतून मांडला आणि ती पदं बायकांच्या गायनवृंदाकडून म्हणवून घेतली. देवाविषयीचा गहन विचार गाण्यातून चालावा, हे या परंपरेचं मला सर्वांत मोठं देणं वाटतं. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

लिपी उजवीकडून डावीकडे, अक्षरं बावीस. 'मल्का' म्हणजे राजा. अक्षरं तीच ठेवून डोक्यावर दोन टिंबं शेजारी शेजारी दिली की 'मल्के', अनेक राजे. पानावरची टिंबं पुसट झाली असली, की राजा एक की पुष्कळ हे आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवत बसावं लागतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. ५५०च्या आसपास कॉस्मस या प्रवासवर्णनकारानं लिहून ठेवलं, की 'कल्लियाना'त इराणहून नेमलेला बिशप असतो. बहुतेक अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. इराणी चर्चची उपासना सुरियानीत चाले. तेव्हा सातवाहनांच्या या जुन्या बंदरात तिचे स्वर बहुधा उमटले असावेत. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. ते एका नेस्टोरियन, म्हणजे याच इराणी चर्चच्या, ख्रिस्त्याच्या घरी उतरले होते, आणि अशी पंधरा घरं ठाण्यात होती, असं ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी सांगतो. पंधरा घरं म्हणजे एक आळी झाली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या आळीला एक ओळही मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

केरळनं ही भाषा जपली. १३०१ मध्ये कोडुंगल्लूरला चौदा वर्षांच्या जखऱ्यानं उतरवलेली सुरियानी पोथी आज व्हॅटिकनमध्ये आहे. १५९९च्या उदयंपेरूर धर्मसभेनंतर पोर्तुगीजांच्या आग्रहानं अनेक पोथ्या जाळल्या गेल्या, तरी उपासना सुरियानीतच राहिली. केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये मल्याळम आली ती १९६२ मध्ये. याच चर्चचा धर्मप्रांत १९८८ मध्ये कल्याणला स्थापन झाला.

कोणाला ही भाषा शिकायची असेल, तर कोट्टयमला १९८५ पासून 'सीरी' ही संस्था आहे; तिथे सुरियानीत एम.ए. करता येतं. पंचतंत्र मुळातून वाचलेला मराठी विद्यार्थी बूदचं भाषांतर हातात घेईल, तर त्यात त्याला जे दिसेल ते युरोपातल्या पंडितांना सहज दिसणार नाही.