अप्पांबरोबर रानांत

शाळेच्या वार्षिकासाठीं एखादा लेख लिहावा, असें संपादकमहाशयांनीं सुचविलें, तेव्हां प्रथम आम्ही बुचकळ्यांत पडलों. विद्वत्ता आमच्यापाशीं नाहीं, आणि उपदेश करण्याचा अधिकार तर मुळींच नाहीं. परंतु आम्ही या शाळेचे जुने विद्यार्थी, आणि आज आमची कन्याहि येथेंच शिकत आहे. विद्यार्थी व पालक या दोन्ही नात्यांनीं जी एक घरगुती हकीकत आमच्या वांट्यास आली, तीच येथें सांगावी असें योजिलें आहे.

आमचे वडील, ज्यांस आम्ही अप्पा म्हणतों, गिरगांवांतील एका छापखान्यांत कंपॉझिटर होते. शिशाचे खिळे एकेक करून जुळवावयाचे, आणि तेहि उलट्या अक्षरांत, हें काम त्यांनीं बावीस वर्षें केलें. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द जुळवितां जुळवितां त्यांचे स्वतःचे शब्द कमी झाले असावेत, असें आम्हांस लहानपणीं वाटे. घरांत त्यांचा धाक होता असें नाहीं. पण त्यांच्याशीं बोलावें कसें, हेंच कोणास उमगत नसे.

१९९० सालच्या डिसेंबर महिन्यांतील गोष्ट. आम्ही दहावीच्या वर्गांत होतों, व त्या वर्षीं निबंधाचें पहिलें बक्षीस आम्हांस मिळावयाचें होतें. समारंभास आई आली. अप्पा आले नाहींत. रात्रभर वाट पाहून सकाळीं विचारलें, तर उत्तर मिळालें, “काम होतें.” या दोन शब्दांची आढी आमच्या मनांत जी बसली, ती तेहतीस वर्षें सुटली नाहीं. पुढें शिक्षण झालें, नोकरी लागली, संसार मांडला, आणि आईअप्पांसह बोरिवलीस बिऱ्हाड केलें. एकाच छपराखालीं राहत असतांहि, “जेवलांत का?” आणि “औषध घेतलेंत का?” यापलीकडे आमचें संभाषण जाईना.

२०१६ सालच्या सप्टेंबरांत एके संध्याकाळीं अप्पा आपण होऊन म्हणाले, “उद्यानांत कारवी फुलली आहे. तुझ्या आईला बघायची आहे. तिचे गुडघे दुखतात, एकटीला नेणें मला जमायचें नाहीं. रविवारीं येशील का?” आम्ही कागदांतून मान वर न काढतां म्हणालों, “या रविवारीं जमणार नाहीं, अप्पा. पुढल्या वेळीं पाहूं.” ते “बरें” म्हणाले, आणि तो विषय तेथेंच संपला.

कारवी हें झुडूप सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढतें. दर पावसाळ्यांत तें पालवतें, उन्हाळ्यांत त्याच्या नुसत्या काटक्या उरतात. पण फुलतें तें सात-आठ वर्षांतून एकदांच, आणि फुलून बीं धरलें म्हणजे मरून जातें. बोरिवलीच्या उद्यानांत २००८ सालीं बहर आला होता, नंतर २०१६ सालीं. तेव्हां आम्ही सहज उच्चारलेली ‘पुढली वेळ’ म्हणजे २०२४ साल होतें. आमची आई २०२१ सालीं निवर्तली.

२०२३ च्या नोव्हेंबरांत अप्पांस हृदयाचा त्रास झाला. दुखणें आटोक्यांत आल्यावर डॉक्टरांनीं सांगितलें कीं, रोज सकाळीं पाऊण तास सावकाश चालावें; मात्र एकट्यानें जाऊं नये. घरांत सकाळीं मोकळे असे आम्हीच होतों. खरें सांगावयाचें तर केवळ कर्तव्य म्हणून, आणि थोड्याशा नाखुषीनेंच, आम्हीं हें काम पत्करलें.

बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटर पसरलेलें आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशींत एवढें रान असावें, आणि त्यांत बिबळ्यानें निर्धास्त नांदावें, हें नवल मुंबईकर रोज विसरतो. विहार व तुळशी हीं दोन तळीं याच रानांत आहेत. विहारचें काम १८६० सालीं व तुळशीचें १८७९ सालीं पुरें झालें, आणि आजहि त्यांचें पाणी शहरास मिळतें. तुळशीकडून निघालेली दहिसर नदी झाडींतून वाट काढीत फाटकाच्या बाजूस येते. तिच्या कांठानें जाणाऱ्या सडकेवर आमची फेरी सुरू झाली.

पहिला पंधरवडा मुक्यानेंच गेला. अप्पा पुढें, आम्ही चार पावलें मागें. नंतर एके दिवशीं ते एका खोडापाशीं थांबले व हात लावून म्हणाले, “हा ऐन. साल बघितलीस? मगरीच्या पाठीसारखी.” दुसऱ्या दिवशीं त्यांनीं काकड दाखविला, तिसऱ्या दिवशीं कुडा. संगमेश्वर तालुक्यांतील डोंगराखालच्या वाडींत त्यांचें बालपण गेलेलें. हीं सारीं झाडें त्यांच्या ओळखीचीं. आम्हांस सागापलीकडे एकहि नांव ठाऊक नव्हतें. आम्ही विचारूं लागलों, ते सांगूं लागले, आणि ऐकूं यावें म्हणून आम्ही त्यांच्या शेजारून चालूं लागलों. घरीं समोरासमोर बसलें म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत पाहणें जड जाई. येथें दोघांचीहि दृष्टि पुढच्या वाटेवर असे, आणि शब्द आपोआप सुटत.

फेब्रुवारींत पांगारा व सांवर लाल झाल्या. उतारावर कारवीच्या वाळक्या काटक्या उभ्या होत्या. त्यांकडे बोट करून अप्पा म्हणाले, “आमच्या घराचा कूड याच काठ्यांचा. दर दिवाळीआधीं आई शेणमातीनें लिंपायची. पलीकडे कोणी कुजबुजलें तरी अलीकडे ऐकूं यायचें. त्या घरांत कांहीं लपून राहायचें नाहीं.”

हें ऐकून आमच्यानें राहवलें नाहीं. “मग तुम्हीं आमच्यापासून इतकें कां लपविलेंत, अप्पा? त्या बक्षीससमारंभाला तुम्ही आलां नाहींत.”

ते पुलाच्या कठड्यास टेकले. पाणी थोडें होतें, तरी त्याचा आवाज येत होता. मग हळूहळू म्हणाले, “त्याआधीं दोन महिने छापखाना बंद पडला होता. खिळ्यांचे दिवस संपत आले होते. जिथें जावें तिथें ऑफसेट नाहीं तर संगणक. मी एका गोदामावर रात्रीची राखण करीत होतों. रजा मागितली असती तर तेंहि गेलें असतें, आणि तुझ्या परीक्षेची फी भरायची होती.”

“पण सांगितलें कां नाहींत?”

“तूं दहावीला होतास. सांगितलें असतें तर पुस्तक मिटून कामाला निघाला असतास. तुझ्या आईकडून मीं शपथ घेतली होती.” थोडें थांबून ते पुढें म्हणाले, “निबंध मात्र मीं वाचला होता. चांगला होता. दोन ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घ चुकलें होतें.”

वाचकहो, तेहतीस वर्षें जपलेला राग असा दोन ऱ्हस्वदीर्घांत विरघळला. आम्हांस हंसूं आलें आणि त्याबरोबर दुसरेंहि कांहीं आलें. आतां आमची पाळी होती. २०१६ च्या त्या रविवाराची आठवण आम्हीं काढली, आणि क्षमा मागितली. अप्पा म्हणाले, “ती रागावली नव्हती. म्हणाली, आठ वर्षें काय, अशीं जातील.” पुढें परतीच्या वाटेवर ते कांहीं बोलले नाहींत, व आम्हीहि बोललों नाहीं, पण तें मौन पूर्वीचें नव्हतें.

२०२४ च्या सप्टेंबरांत कारवी फुलली. रविवार होता, व दुसऱ्याच दिवशीं कन्येची चाचणी परीक्षा होती. ती म्हणाली, “बाबा, मी नंतर येईन. पुढच्या रविवारीं गेलें तर नाहीं का चालणार?” तिचें म्हणणें वावगें नव्हतें, तरी आम्हीं तिला पुस्तकासकट बरोबर घेतलें. अप्पांस चढ झेपणार नाहीं म्हणून कान्हेरीपर्यंत बसनें गेलों. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकापासून तेथें लेणीं कोरली जाऊं लागलीं. आज त्यांची संख्या शंभरावर आहे, आणि भिक्षूंनीं खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या अजून पावसानें भरतात. त्या लेण्यांभोंवतींचा उतार जांभळ्यानिळ्या फुलांनीं झांकून गेला होता. मधमाशांचा असा गुंजारव चालला होता कीं, बोलणेंहि मोठ्यानें करावें लागे. अप्पा एका पायरीवर बसले. नातीनें एक फूल त्यांच्या तळहातावर ठेविलें. तें त्यांनीं खिळा तपासावा तसें उजेडांत धरून पाहिलें, उलटें करून पाहिलें, आणि खिशांत ठेवून दिलें. तें आतां आईच्या तसबिरीपाशीं आहे.

२०२५ सालीं पहिला पाऊस पडला, तेव्हां आम्ही दोघे सडकेवरच होतों. कारवीच्या वाळलेल्या बोंडांवर थेंब पडतांच तीं तडतड फुटूं लागलीं, व बीं चहूंकडे उडूं लागलें. अप्पा बोटांवर हिशेब करीत होते. “आतां बत्तीस सालीं. मी चौऱ्याऐंशीचा होईन.” एवढें म्हणून ते थांबले. आम्हीं, “तुम्ही असालच,” असें म्हणावयाचें मनांत आणलें, पण म्हटलें नाहीं. ज्याची हमी आपल्या हातीं नाहीं, तें बोलूं नये, एवढें आतां आम्हांस कळूं लागलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरचें एखादें माणूस अबोल असेल, तर त्याच्यापाशीं तुमच्याविषयीं माया नाहीं असें एकदम समजूं नका. कदाचित् तें तुमच्याचसाठीं कांहीं झांकून बसलें असेल. आणि पालकहो, आमच्या अप्पांचा हेतु थोर होता. पण तो कळावयास आम्हांस तेहतीस वर्षें लागलीं. मुलांस घरची अडचण थोडी सांगावी. तीं आपण समजतों त्याहून अधिक सोशिक असतात.

असो. लेख येथेंच आटोपता घेतों. पहांटेचे साडेपांच झाले आहेत, अप्पा काठी घेऊन दारांत उभे आहेत. आणि आज कन्याहि येतें म्हणाली आहे.