फळांचं गणगोत

सावरगावचं नाव वर्षातून एकदा पेपरात येतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. एका काठावर सावरगाव, दुसऱ्या काठावर पांढुर्णा, आणि दिवसभर गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, चालते. ती आटोपली की बाहेरच्यांना या गावाची आठवण उरत नाही. ज्याला हा मुलूख खरा पाहायचा आहे त्यानं माघात यावं. संत्र्याला तेव्हा आंबिया बहार फुटलेला असतो. दिवस कलला की बागांमधून गंध उठतो आणि नदीकाठच्या गार हवेत तो जमिनीलगत पसरून राहतो. अंधार पडला की झाडं दिसत नाहीत, पण बाग कुठं सुरू झाली आणि कुठं संपली हे डोळे मिटून सांगता येतं.

फूल तसं लहानच. पाच जाडसर पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या टोकांच्या केसरांचं कडं. एका फांदीला इतकी लागतात की पानं झाकून जातात, आणि त्यातली बहुतेक गळून पडतात. सकाळी झाडाखाली पांढरा सडा असतो. जी थोडी टिकतात त्यांचीच दिवाळीपासून पुढे संत्री होतात.

या बहारामागे तहान आहे. कास्तकार डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात. झाडाची वाढ थांबते आणि आतल्या आत फुलांची तयारी सुरू होते. मग योग्य वेळ पाहून पाणी सोडलं की काही आठवड्यांत झाड अंगभर फुलतं. किती ताण द्यायचा, कधी सोडायचा, हे जमिनीचा पोत पाहून ठरतं. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही. मुरमाड जमिनीत चार दिवस जास्त झाले तरी झाड हातचं जातं. या मुलखातल्या म्हाताऱ्या कास्तकारांना पान नुसतं बोटांत धरून हे कळतं. त्या बोटांना मी मनोमन नमस्कार करतो.

संत्रं आज इथलं कुलदैवत असल्यागत वाटतं, पण ते इथलं नाही. लिंबूवर्गीय फळांच्या जनुकांचा मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या साऱ्या कुळाचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या पट्ट्यात आहे, आणि तेही सुमारे ८० लाख वर्षांपूर्वीचं. मेघालयातल्या गारो टेकड्यांत रानटी संत्र्याची झाडं अजून उभी आहेत. नोकरेकचं राखीव रान त्यांच्यासाठीच राखलेलं आहे. आपल्याकडे संत्र्याची रोपं दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेहून नागपुरात आणली, असं सांगतात. तिथून ती काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी करत पसरली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पांढुर्णा-सौंसरला येऊन थांबली. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा पांढुर्णा ज्यात होता तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ पलीकडे गेला. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते नागपुरी संत्र्याला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. या सगळ्या काळात बागेतली माती तीच राहिली, बोलीही तीच राहिली.

आणि संत्र्याचं झाड इथं उभं आहे ते दुसऱ्याच्या पायांवर. रोपवाटिकेत आधी जंबेरीचं बी पेरतात. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं, आंबट, रानवट लिंबू; बाजारात त्याला कोणी विचारत नाही. त्याचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात, संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवतात आणि पट्टीनं बांधतात. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. पुढची कितीतरी वर्षं त्या झाडाचं पाणी जंबेरी ओढते आणि नाव संत्र्याचं होतं. बागेत गेलात तर झाडाच्या बुंध्याशी वाकून बघा. जिथं दोन साली एकमेकींत मिसळल्या तो सांधा म्हाताऱ्या झाडावरही ओळखू येतो. फळ तोडण्याआधी हात लावायचा तर त्या सांध्याला लावावा.

संत्रं इथं आलं तेव्हा त्याला परकं वाटलं नसेल, असं मला फार वाटतं. कारण त्याचे थोरले सोयरे इथं आधीपासून होते. देवळापुढचा बेल आणि शेताच्या बांधावरचं कवठ ही दोन्ही झाडं संत्र्याच्याच कुळातली. बेलाचं एक पान आणि संत्र्याचं एक पान घ्या, उन्हाकडे धरा. दोन्हींत सुईच्या टोकानं टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की वास येतो तो त्यांचाच. हे नातं वनस्पतिशास्त्रानं लिहून ठेवण्याच्या कितीतरी आधी एका फुलपाखराला ठाऊक होतं. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेलं ते फुलपाखरू बागेत हमखास भिरभिरताना दिसतं. मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान थापटते, पायांनीच त्याची चव घेते, आणि खात्री पटली की एक बारीकसा पिवळट मोती चिकटवून उडते. तिची अळी संत्र्याच्या कोवळ्या पानांवर वाढते तशी बेलाच्या पानांवरही वाढते. कास्तकार या अळीवर चिडतो, आणि रोपवाटिकेत ती नुकसान करते हेही खरं. तरी तिच्या आईची पारख खोटी नाही.

बाहेरून येऊन इथलं होण्याची सीताफळाची गोष्टही संत्र्यासारखीच. सातपुड्याच्या दगडी उतारांवर, जिथं दुसरं काही तग धरत नाही, तिथं सीताफळाची झुडपं आपणहून वाढतात. नाव सीतेचं, आणि मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं. पेरू, ज्याला आमच्याकडे जांब म्हणतात, तोही तिकडचाच. पपई, चिकू, काजू, अननस ही सगळी समुद्र ओलांडून आलेली मंडळी. कोणी गलबतात आणली, कोणी खिशात बी टाकून आणली, आणि तीन-चारशे वर्षांत त्यांनी आपल्या उपासाच्या ताटात, ओटीत, प्रसादात जागा मिळवली. आज सीताफळाला कोणी परदेशी म्हटलं तर आमच्याकडची आजी ऐकून घेणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

म्हणून पांढुर्ण्याच्या हातगाड्यांवर ड्रॅगनफळ आणि किवी दिसू लागलं तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. ड्रॅगनफळ हे अमेरिका खंडातल्या निवडुंगाचं फळ. त्याचं वीतभर पांढरं फूल रात्री उमलतं आणि सकाळी मिटून जातं. आता सांगली-सोलापूरच्या कोरड्या रानातही त्याच्या बागा उभ्या आहेत. किवी तर मूळची चीनच्या यांगत्से खोऱ्यातली रानवेल. १९०४ साली इझाबेल फ्रेझर नावाची एक शिक्षिका चीनहून न्यूझीलंडला परतताना तिच्या बिया घेऊन गेली. सहा वर्षांनी त्या बियांच्या वेलींना फळं आली. पुढे १९५९ साली तिथल्या व्यापाऱ्यांनी फळाला किवी हे नाव दिलं, आणि आज जगाला ते फळ न्यूझीलंडचंच वाटतं. एका बाईनं जपून नेलेल्या मूठभर बियांनी एका देशाची ओळख घडवली. फळं अशीच देश बदलतात. त्यांना माती, पाणी आणि माया करणारं कोणीतरी माणूस पुरतं.

मला दुःख होतं ते वेगळ्या कारणानं. आपली मुलं शिकायला, नोकरीला लंडन-न्यू जर्सीला जातात. तिथल्या आशियाई किराणा दुकानात फिरताना त्यांना नवल वाटतं. तुकतुकीत नारिंगी पर्सिमॉन, केसाळ रंबुटान, लाल वाळलेली चिनी बोरं. ती हौसेनं पैसे मोजून घेतात, घरी फोटो पाठवतात. घेऊ द्या, सुंदर फळं आहेत. पण त्या प्रत्येकाचं सख्खं-चुलत सातपुड्याच्या रानात उभं आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. चिनी बोर आणि आपलं बोर एकाच वंशातले. रंबुटान, लिची आणि आपल्या रानातलं कुसुम एका कुळातले. चैत्राच्या तोंडाशी कुसुमाला तांबडी पालवी फुटते, तेव्हा दुरून अख्खं झाड फुललंय असं वाटतं. पुढे पाऊस लागता लागता त्याला लहान फळं धरतात. वरची कडक साल दातांनी फोडली की आत बीजाभोवती आंबट रसाळ गर. लिचीत असतो तसाच, फक्त थोडका. रानात गुरं चारणाऱ्या पोरांनी ही चव अजून जपली आहे.

आणि पर्सिमॉन, ज्याला हिमाचलात जपानी फळ म्हणतात, ते आपल्या टेंभराचं भावंड. दोघांचा वंश एकच.

वैशाखात आमच्याकडच्या बाजारात अगदी कडेला, भाजीच्या ओळी संपतात तिथं, डोंगराकडच्या खेड्यांतल्या बाया येऊन बसतात. समोर फडकं, फडक्यावर टेंभरांचे वाटे, शेजारी पानाच्या द्रोणात काळी-जांभळी चारं. वजनकाटा नसतो.

"कशी देल्ली, माय?"

"दहा रुपयाले वाटा. घे न बाबू, झाडावरच पिकली हायेत."

टेंभरू हातात घेऊन नीट पाहावं. पिवळसर, लहान लिंबाएवढं. देठाशी वाळक्या निदलांची घट्ट टोपी, आणि दुकानातल्या त्या महागड्या पर्सिमॉनलाही हुबेहूब तशीच टोपी असते. अंगठ्यानं दाबलं की पातळ साल तडकते. आत पिवळा, चिकट, पिठूळ गर आणि चपट्या, तपकिरी, चकचकीत बिया. गोडी मंद, आणि तिच्या मागून येणारा किंचित तुरटपणा जिभेवर रेंगाळतो. कच्चं खाल्लं तर मात्र जीभ आखडते. तेच टॅनिन कच्च्या पर्सिमॉनमध्येही असतं. हजारो मैलांवरच्या दोन झाडांनी कच्चं फळ राखण्याची एकच युक्ती जपली आहे, हे पाहून मी हात जोडतो.

या झाडाचं फळ आता कमी का दिसतं, याला कारणं आहेत. टेंभराचं पान म्हणजे तेंदूपत्ता, विडीचं पान. चांगलं पान मिळावं म्हणून उन्हाळ्याआधी झुडपं छाटतात, कुठं कुठं खालचा पालापाचोळा जाळतात. पान उत्तम येतं, पण झुडूप झाड होत नाही, आणि फळ तर मोठ्या झाडालाच धरतं. पानांवर हजारो गरीब घरं चालतात, म्हणून पान तोडू नका असं कोणी म्हणू नये. फक्त बांधावरची, नाल्याकाठची चार झाडं मोठी होऊ द्यावीत. चाराचं दुखणं याहून मोठं आहे. चार म्हणजे आंब्याच्या कुळातलं रानझाड. त्याच्या बियांत चारोळी, आणि चारोळीला भाव सोन्याचा. फळ पिकेपर्यंत कोणी थांबत नाही. दुसऱ्यानं नेलं तर काय, या धास्तीनं हिरवीच ओरबाडली जातात, फांद्या तोडल्या जातात. मग पिकलेलं चार पाखरांना मिळत नाही आणि बी रानात पडत नाही. श्रीखंडावर चारोळी पेरताना हे आपल्या मनात यायला हवं.

बाजारात फळाला मान मिळाला तर झाड टिकतं, एवढा साधा हिशोब आहे. संत्र्याला मान होता म्हणून त्याच्यासाठी विहिरी खोदल्या गेल्या, नागपुरात संशोधन संस्था उभी राहिली, बागा वाढल्या. टेंभराला, चाराला, कुसुमाला, कवठाला तो मान मिळवून देणं गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

म्हणून माझी विनवणी आहे. नागपूर-बैतूल रस्त्यानं जाणं झालं तर पांढुर्ण्याला थांबा, जाम ओलांडून सावरगावात या. मार्गशीर्षात आलात तर संत्री बागेतून घ्या. हाताला जड लागतील ती घ्या, साल सुटून फुगलेली असतील तर आत रस कमी निघेल. माघ-फाल्गुनात कवठ घ्या. गुडघ्याएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडा, उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलं. शरदात सीताफळ घ्याल तर डोळे उघडलेलं निवडा. आणि वैशाखात आलात तर बाजाराच्या कडेपर्यंत चालत जा. मऊ, पिवळी टेंभरं घ्या, काळी पिकलेली चारं घ्या, भावात घासाघीस करू नका. मुलं सोबत असतील तर त्यांना फळाची टोपी दाखवा, नाव सांगा. आणि खाऊन झाल्यावर बिया कचऱ्यात टाकू नका. पहिल्या पावसाआधी कुठल्याही नाल्याकाठी, बांधावर, पडीक जागेत त्या मातीत दाबून ठेवा.