डाळिंबाच्या काड्या

चिखलीचं घर विकायचं ठरलं तेव्हा आईने एकच विचारलं, "डाळिंबाचं काय?" घेणाऱ्यांना अंगणात गाडी लावायची आहे, म्हणजे झाड जाणार. फळांच्या हिशेबाने ते तसं बिनकामाचंच. वर्षाला चार-पाच फळं, तीही पोपटांच्या वाट्याला. पण उन्हाळ्यात सगळं अंगण होरपळलेलं असताना त्याची ती शेंदरी फुलं... असो.

"बी लाव ना रे, उगवते की," हा मावशीचा सल्ला. उगवेल हो, पण तेच झाड नाही उगवणार! डाळिंबाच्या बियांची रोपं मूळ झाडाच्याच वळणावर जातील असं नाही. याचा फायदाही झालाय म्हणा. डॉ. चीमा यांनी १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदी जातीच्या रोपांतून एक वेगळं निघालेलं झाड निवडलं, तेच आपलं 'गणेश' डाळिंब. आम्हाला मात्र नवीन काही नको होतं, जुन्याचीच कॉपी हवी होती. म्हणजे काडी.

डिसेंबरात पेन्सिलीएवढ्या जाड, वर्षभर जुन्या फांद्यांच्या वीत-वीतभर बारा काड्या कापल्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा सरळ. म्हणजे लावताना काडी उलटी होत नाही. कापण्याआधी झाडावर तेल्याचे काळपट, तेलकट डाग नाहीत ना, हे मात्र नीट बघा. तेल्या काड्यांबरोबर प्रवास करतो, आणि एकदा झाडात शिरला की औषधाने पुरता जात नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून काड्या रातराणीने पुण्याला आल्या. जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून कुंड्या भरल्या, मुळं फुटायची पावडर (आयबीए) लावली आणि दोन तृतीयांश काडी आत खोचली.

तिसऱ्या आठवड्यात तांबूस कोवळी पानं! आईला फोटो पाठवला, तिने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पण खरी गोम इथेच आहे. ही पानं काडीत साठलेल्या अन्नावर फुटतात, खाली मुळं असतीलच असं नाही. कोड कंपाइल झाला म्हणजे चालला असं थोडंच असतं? उपटून बघायचा मोह फार होतो, पण नवी मुळं लगेच तुटतात.

दोन महिन्यांत बारापैकी सात काड्यांनी माना टाकल्या. उरलेल्या पाचांची पांढरी मुळं कुंडीच्या भोकातून डोकावतायत. फुलं यायला अजून दोन-तीन वर्षं तरी लागतील. तोवर आमच्या बाल्कनीत येणारं चार तासांचं ऊन त्यांना पुरतंय का, ते बघायचं.